छायाचित्रात चष्म्याची काच हिरवी का दिसते?

आमच्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी कार्यकारी मंडळाचे एक समूह-छायाचित्र छापण्याची प्रथा आहे. दोन वर्षांपूर्वीचा अंक ज्या सभासद बंधूंच्या संग्रही असेल त्यांनी त्यातील ते छायाचित्र एकवार काढून पाहावे. त्यात पंधरा गृहस्थ असून त्यांपैकी नऊजण चष्मेधारी आहेत. सहा चष्म्यांच्या काचांवर पोपटी-हिरवे डाग आहेत, दोहोंवर निळसर-जांभळे, आणि आमचे खजिनदार जो फार जुना चष्मा आजही निष्ठेने वापरतात त्याच्या काचांवर पांढऱ्या प्रकाशाचे दोन ढळढळीत पट्टे आहेत. रंग कोणताही असो, डाग आहे तेथे डोळा दिसत नाही.

हिरव्या डागांच्या त्या सहाजणांत आमचे थोरले बंधू होते. रविवार पेठेत लहानथोर सर्वजण त्यांना अण्णा म्हणत. गेल्या माघ महिन्यात अण्णांचे देहावसान झाले. श्रद्धांजलीच्या पानासाठी आम्ही छायाचित्र शोधू लागलो तेव्हा असे आढळले की, गेल्या पाच-सात वर्षांत लग्नकार्यांत, सभासमारंभांत आणि नातवंडांच्या मोबाईलवर त्यांची जी शे-सव्वाशे छायाचित्रे निघाली, त्यांपैकी बहुतेकांत डोळ्यांच्या जागी हिरवे ठिपके आहेत. ज्वारीचा दाणा पाहून तो कोणत्या तालुक्यातला हे सांगणारे ते डोळे कोठेच नाहीत. असे का व्हावे याचा शोध आम्ही घेतला. तो घेण्यापूर्वी आमच्या हातून एक अन्यायही घडला होता, त्याची कबुली आधी देतो.

धान्याच्या घाऊक व्यापारात आम्ही चाळीसाहून अधिक वर्षे काढली. या धंद्यात रंग आणि चकाकी यांविषयी मनात कायमचा संशय घर करून बसतो. तूरडाळ प्रमाणाबाहेर चमकू लागली की तिला तेलाचा हात लागला असावा असे आम्ही धरून चालतो. हरभऱ्याची डाळ फारच पिवळी दिसली की ओल्या तळव्यावर चोळून पाहतो. या सवयीने समूह-छायाचित्रातील हिरवे डाग पाहताच आम्ही ताडले की, चष्मेवाल्याने काचेला काही रंग फासला आहे आणि हलका माल चढ्या भावाने आमच्या गळ्यात घातला आहे. अण्णांचा व आमचा चष्मा एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेला होता. आम्ही छायाचित्र घेऊन तडक त्या दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत मालकास नको ते बोललो.

मालकाने वाद घातला नाही. त्याने दोन नव्या काचा काढून आमच्यापुढे ठेवल्या. एक साधी, दुसरी लेप दिलेली. दोन्ही काचा छताच्या ट्यूबलाइटखाली धरून त्याने त्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहावयास सांगितले. साध्या काचेत नळी पांढरीशुभ्र व ठसठशीत दिसत होती. लेपाच्या काचेत तीच नळी मंद, हिरवट, जेमतेम ओळखू येण्याइतकी दिसली. मग दोन्ही काचा त्याने काळ्या टेबलावर, दिव्याखाली, जुन्या पावतीवर ठेवल्या. साध्या काचेखालचे आकडे वाचताना दिव्याची चमक आड येत होती. दुसरीखालचे आकडे जणू वर काच नाहीच असे स्वच्छ दिसत होते. दोन नमुने शेजारी ठेवून निवाडा करणे हीच आमच्या बाजाराची रीत असल्यामुळे आम्हास पुढे बोलण्यास जागा उरली नाही. चार गिऱ्हाइकांदेखत बोललो होतो, म्हणून क्षमाही चार गिऱ्हाइकांदेखत मागितली.

घरी आल्यावर अण्णांच्या नातीला, जी पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. करीत आहे, आम्ही विचारले, “काचेला रंग लावलेला नाही, तर मग हिरवा येतो कोठून?” ती म्हणाली, “आजोबा, तो लावलेला नाही, उरलेला आहे.” या तीन-चार शब्दांचा उलगडा होण्यास आम्हास बरेच दिवस लागले, तो जमेल तितक्या सोप्या भाषेत येथे मांडतो.

काच पारदर्शक असते हे खरे, परंतु पूर्णपणे नव्हे. प्रकाश हवेतून काचेत शिरताना उंबरठ्यावरूनच त्याचा काही भाग माघारी फिरतो. साध्या काचेत हा परतावा शेकडा सुमारे ४ असतो. काचेतून पलीकडे बाहेर पडताना दुसऱ्या उंबरठ्यावर पुन्हा सुमारे ४. म्हणजे शंभरातले साधारण ९२ डोळ्यापर्यंत पोचतात व ८ परत जातात. मोठ्या नंबरासाठी हल्ली ज्या पातळ काचा देतात (वस्तुतः त्या एका जातीच्या प्लास्टिकच्या असतात, परंतु दुकानात त्यांना काचच म्हणतात) त्यांचा वक्रीभवनांक अधिक असतो आणि म्हणून परतावाही अधिक. १.६७ वक्रीभवनांकाच्या काचेत तो एकेका पृष्ठभागास शेकडा ६ च्या वर जातो. तात्पर्य, काच जितकी महाग व पातळ, तितकी ती लेपावाचून अधिक चकाकणार.

चष्म्यात पृष्ठभाग दोनच असतात. दुर्बिणीत वा कॅमेऱ्याच्या भिंगात मात्र एकामागे एक अनेक काचा बसविलेल्या असतात. जो माल दहा हातांतून जातो आणि ज्यावर प्रत्येक हात चार टक्के कापून घेतो, त्या मालाची जी गत होते तीच तेथे प्रकाशाची होते. दहा पृष्ठभागांनंतर शंभरातले सुमारे ६६ उरतात, वीस पृष्ठभागांनंतर अवघे ४४. शिवाय परतलेला प्रकाश निमूटपणे निघून जात नाही. काचांच्या मध्येच येरझारा घालून चित्रावर धूसरपणा आणतो. परतावा कमी करण्याची खरी निकड म्हणून प्रथम चष्मेवाल्यांना नव्हे, तर दुर्बिणी व कॅमेरे करणाऱ्यांना भासली.

उपाय सापडला तो मात्र एका दोषातून. इंग्लंडमधील यॉर्क शहरी कुक या दुर्बिणी बनविणाऱ्या कारखान्यात डेनिस टेलर नावाचे भिंगतज्ज्ञ होते. १८९० नंतरच्या दशकात त्यांच्या ध्यानात आले की, हवेने डागाळलेली, पृष्ठभागावर झाक आलेली जुनी भिंगे नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे पाठवितात. आमच्यासारख्याने असे भिंग खराब म्हणून बाजूस टाकले असते. टेलरसाहेबांनी तो डाग रसायनांच्या योगे मुद्दाम पाडता येईल काय याचे प्रयोग केले व १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. तथापि ती रीत भरवशाची ठरली नाही. प्रत्येक जातीची काच सारखी डागाळत नसे. पुढे १९३५ साली जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून काचेवर पातळ थर बसविण्याची युक्ती काढली. १९३८ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट या विदुषींनी साबणाच्या जातीच्या एका पदार्थाचे ४४ अतिसूक्ष्म थर काचेवर चढवून तिची चकाकी जवळजवळ नाहीशी केली. केंब्रिज विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांचा थर मऊ होता, पुसला की जाई. म्हणून व्यवहारात टिकली ती निर्वात पेटीची रीत. आजही चष्म्याच्या काचा तशाच पेटीत टांगून त्यांवर थर बसवितात.

आता थराने परतावा कमी कसा होतो ते पाहू. पावसात ओल्या रस्त्यावर मोटारीतून तेलाचा थेंब पडला की त्यावर मोरपिसासारखे रंग उमटतात, ते सर्वांनी पाहिलेले आहेत. तेलात रंग नसतो, पाण्यातही नसतो. तेलाच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेली प्रकाशाची लहर आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेली लहर या दोहोंची गाठ पडते, व काही रंगांच्या लहरी एकमेकींस जोर देतात तर काहींच्या एकमेकींस मारतात. हे तत्त्व टॉमस यंग यांनी १८०१ साली मांडले. चष्म्याच्या लेपात तेच हिशेबाने घडवून आणलेले असते. लेपाची जाडी लहरीच्या लांबीच्या एक-चतुर्थांश ठेवली, तर खालून परतणाऱ्या लहरीस जाऊन-येऊन अर्ध्या लहरीइतके अंतर अधिक पडते. पहिलीचा उंचवटा जेथे असतो तेथे दुसरीचा खळगा येतो, आणि दोघी मिळून शून्य होतात. लेपाच्या आत लहर आखडते हेही यात धरावे लागते. मॅग्नेशियम फ्लुओराइड हा या कामाचा जुना पदार्थ. हिरव्या प्रकाशाची लहर सुमारे ५५० नॅनोमीटर, तेव्हा त्याच्या लेपाची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! मनुष्याचा केस याच्या पाचशे ते हजार पट जाड असतो.

येथे आमच्यासारख्या रोजमेळ लिहिणाऱ्याच्या मनात शंका येते की, दोन लहरी शून्य झाल्या तर त्यांतील प्रकाश गेला कोठे? जमेची रक्कम खर्ची पडल्यावाचून नाहीशी कशी होईल? उत्तर असे की, तो प्रकाश माघारी फिरतच नाही. तो पलीकडे जातो. परताव्याच्या खात्यात ८ ऐवजी १ राहिला, तर डोळ्याच्या खात्यात ९२ ऐवजी जवळपास ९९ जमा होतात. मेळ तंतोतंत बसतो.

परंतु माप एकच आणि लहरी अनेक, ही यातली अडचण आहे. जांभळ्या प्रकाशाची लहर सुमारे ४०० नॅनोमीटर व तांबड्याची सुमारे ७००. हिरव्यासाठी बेतलेला थर हिरव्यास पुरता मारतो; दोन्ही टोकांच्या तांबड्या व जांभळ्या लहरी मात्र अर्धवट वाचतात, आणि त्यांच्या मिश्रणाची झाक काचेवर राहते. एका थराच्या जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे जांभळट दिसतात ती यामुळे. पुढे कारखानदारांनी एकाऐवजी अनेक थर देण्यास आरंभ केला. सिलिकॉन डायऑक्साइड आणि टायटेनियम वा झिर्कोनियम यांचे ऑक्साइड, असे एकाआड एक थर देऊन निरनिराळ्या लहरी मारता येतात. तरीही बाकी शून्य होत नाही. थोडा प्रकाश कोठे तरी उरतोच. तो कोणत्या रंगाचा उरू द्यावयाचा हे मात्र थरांच्या जाडीवरून ठरविता येते. हल्लीच्या पुष्कळ चष्म्यांत तो हिरवा उरू देतात, काहींत निळा, क्वचित सोनेरी. आमच्या नातीने म्हटले ते हेच. खात्यात जी बाकी मिटविता आली नाही, तिचा हा रंग. खजिनदारांच्या काचेवरचा पांढरा पट्टा म्हणजे सगळीच बाकी थकलेली!

मग समोरासमोर बसले असता हा रंग आम्हास का दिसत नाही व कॅमेऱ्यासच का दिसतो? खरे पाहता तो आम्हासही दिसतो, परंतु आम्ही तिकडे पाहत नाही. समोरच्याशी बोलताना आपले लक्ष त्याच्या बुबुळांकडे असते. तो मान हलवितो, आपण हलतो, आणि आपल्या दोन डोळ्यांना ते प्रतिबिंब दोन वेगळ्या जागी दिसत असल्याने मन त्याची दखल घेत नाही. कॅमेऱ्यास एकच डोळा, आणि तो एकच क्षण पकडून कायमचा गोठवून ठेवतो. दुसरे कारण दिव्यांच्या जागेचे आहे. दुकानात वा घरात दिवे बहुधा डोक्यावर असतात व काचेवरून उडालेला त्यांचा प्रकाश खाली जमिनीकडे जातो. छायाचित्र काढताना दिवा कॅमेऱ्याच्या शेजारीच, चेहऱ्याच्या उंचीवर लावतात; त्यामुळे उडालेला प्रकाश नेमका कॅमेऱ्यात शिरतो. तिसरे कारण आम्हास सर्वांत पटले. गालावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरला जातो व त्यातील अगदी अल्प अंश कॅमेऱ्याच्या वाट्यास येतो. काच मात्र आरशाप्रमाणे दिव्याचे सबंध प्रतिबिंब एकाच दिशेला धाडते. प्रखर दिव्याचा शंभरावा हिस्सादेखील उजळलेल्या गालाहून तेजस्वी भरतो. म्हणून बाकी एक टक्का का असेना, छायाचित्रात ती डोळा झाकून टाकते.

परगावच्या मुला-नातवंडांशी संगणकावर चेहरा पाहत बोलताना तर पडदा हाच समोरचा दिवा होतो. त्या वेळी मोठ्या अक्षरांतील मजकूर पडद्यावर असेल तर तो चष्म्यात उमटून पलीकडच्यास वाचता येण्याचाही संभव असतो. भावाचा तक्ता उघडा ठेवून परपेठेच्या व्यापाऱ्याशी असे बोलणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

निळ्या झाकेच्या चष्म्यांविषयी मात्र स्पष्ट बोलणे अवश्य आहे. संगणक व मोबाईल यांच्या निळ्या प्रकाशाने डोळे शिणतात, असे सांगून त्या प्रकाशाचा काही भाग अडविणाऱ्या काचा जादा दाम घेऊन विकल्या जातात. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून दुकानात जांभळ्या उजेडाची छोटी विजेरी काचेतून कागदावर मारून दाखवितात. साध्या काचेतून ठिपका पडतो, या काचेतून पडत नाही. प्रयोग खोटा नाही. परंतु त्यावरून विजेरीचा प्रकाश अडला एवढेच सिद्ध होते. डोळ्यास आराम पडेल हे सिद्ध होत नाही. वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली अशा १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा संगणकाच्या कामाने येणारा डोळ्यांचा शीण या काचांनी साध्या काचांपेक्षा निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचे दिसले नाही. आमच्या घरी असे तीन चष्मे आहेत. ते टाकून दिले नाहीत, पण चौथा घेतला नाही. चकाकी घालविणारा लेप मात्र पैसे देऊन घेण्याजोगा आहे. रात्री मोटार चालविणाऱ्यास समोरच्या दिव्यांचा त्रास काचेतील प्रतिबिंबांमुळे जो वाढतो तो त्याने कमी होतो.

हा लेप जपावा कसा, हे आमच्या पेठेतील मंडळींस विशेषेकरून सांगावेसे वाटते. गोदामातील धुळीत मातीचे बारीक कठीण कण असतात. ती धूळ बसलेला चष्मा धोतराच्या सोग्याने वा शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसणे म्हणजे काच घासण्याच्या कागदाने घासणे होय. आधी पाण्याच्या धारेखाली धरावा, सौम्य साबणाचे बोट फिरवावे, मग मऊ स्वच्छ फडक्याने टिपावा. उन्हात बंद मोटारीत चष्मा ठेवू नये. तापल्याने काच अधिक प्रसरण पावते, लेप तितका पावत नाही, व त्यास कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

अण्णांच्या छायाचित्राचे काय झाले, असे वाचक विचारतील. छायाचित्रकार म्हणाला की, हिरवे डाग संगणकावर काढून त्या जागी डोळे बसवून देतो. एका दिवसाचे काम आहे. त्याने नमुना करून आणलाही. चेहरा अण्णांचा होता, डोळे उत्तम होते. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “भावजी, हे कुणाचे डोळे आहेत?” त्यावर आम्हापाशी उत्तर नव्हते. डागाखालचा डोळा कॅमेऱ्याने टिपलेलाच नसल्याने, तेथे जो बसविला जाईल तो कोठून तरी आणलेलाच असणार. शेवटी दुकानाच्या कपाटात एक छायाचित्र सापडले. अण्णांना लांबचे दिसत नसे, जवळचे उत्तम दिसे. म्हणून दाणा पारखताना ते चष्मा नेहमी कपाळावर सारीत. कोणा नोकराने अशा वेळी मोबाईलवर टिपलेले ते आहे. मागे पोती आहेत, सदऱ्यावर धूळ आहे, ओंजळीत ज्वारी आहे, आणि नजर ज्वारीकडे आहे. वहिनींनी तेच पसंत केले. या अंकात तेच छापले आहे.

यंदाच्या समूह-छायाचित्राच्या वेळी आम्ही छायाचित्रकारास कॅमेऱ्याशेजारचा दिवा विझविण्यास सांगितले. त्याने दोन दिवे उंचावर, दोन्ही बाजूंस तिरपे लावले. चष्मेवाल्यांनी हनुवटी किंचित खाली घेतली व चष्म्याच्या काड्या कानांवरून तसूभर वर उचलल्या, जेणेकरून काचा थोड्या खाली झुकाव्यात आणि उडालेला प्रकाश कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जावा. घरच्या कार्यात छायाचित्रे काढताना सभासद बंधूंनी एवढे केले तरी पुरे. खिडकीकडे तोंड करून उभे राहण्याऐवजी ती एका अंगास घ्यावी. अमेरिकेच्या पासपोर्ट व व्हिसासाठी लागणाऱ्या छायाचित्रात तर २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा काढूनच बसावे लागते. आमच्या या खटपटीचा परिणाम पृष्ठावर दिसेलच. नऊपैकी आठांचे डोळे स्वच्छ आले आहेत. नववे आमचे चिटणीस. ऐन क्षणी त्यांनी दिवा नीट लागला की नाही हे पाहण्यासाठी वर मान केली.